जिरायती बागेची कैफियत

२०१६ सालच्या एप्रिल महिन्यात मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी लातूरला पोहोचली, तेव्हा तिच्या टाक्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होते; आणि त्याच महिन्यात, क्रिकेटच्या मैदानांवर शिंपडल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे आला असता, एप्रिलअखेरीनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवावेत असा आदेश न्यायालयाने दिला. त्या आदेशाच्या युक्तायुक्ततेविषयी पुष्कळ वाद झाला आणि पहिल्या पावसाबरोबर तो वाहूनही गेला. ती मैदाने बोटांवर मोजण्याइतकी होती. परंतु ज्या हिरवळी कोणत्याही याचिकेत आल्या नाहीत, त्या गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत, कचेऱ्यांच्या दर्शनी भागांत, मंगल कार्यालयांच्या प्रांगणांत आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर राज्यभर पसरलेल्या आहेत, आणि त्यांच्या पाण्याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येण्याजोगा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. देशावरच्या वैशाखात गवत हिरवे राखावयाचे तर दिवसाला निदान पाच मिलिमीटर पाणी त्याला पाजावे लागते. एका एकरात ४०४७ चौरस मीटर भरतात. म्हणजे एक एकर हिरवळ रोज वीस हजार लिटरांहून थोडे अधिक पाणी पिते, आणि लातूरला गेलेली ती सबंध आगगाडी अशी एकच हिरवळ पंचवीस दिवसांत रिती करील.

यावर असे उत्तर दिले जाते की, हे पाणी पिण्याचे नव्हे, सांडपाणी शुद्ध करून ते बागेला दिले जाते. जेथे शुद्धीकरणाचे यंत्र खरोखर चालते तेथे हे उत्तर अंशतः खरे आहे. पण तेच पाणी शौचालयांना आणि झाडांना देता आले असते, आणि जेथे यंत्र बंद पडलेले असते तेथे कूपनलिका व टँकर हेच हिरवळीचे उदक असते, हेही तितकेच खरे आहे. ज्या गवतावर बसण्यास मनाई, चालण्यास मनाई आणि जे गुरांच्याही मुखी लागत नाही, त्याच्यासाठी भूगर्भातील पाणी उपसावे काय, हा प्रश्न प्रत्येक सोसायटीच्या वार्षिक सभेत विचारला जाण्याच्या योग्यतेचा आहे.

हिरवळीची ही कल्पना जेथे जन्मली, त्या इंग्लंडात बारा महिने थोडाथोडा पाऊस पडतो, ऊन सौम्य असते, आणि सरदारांच्या वाड्यांपुढील कुरणे पूर्वी मेंढ्याच चरून आखूड राखीत. पुढे १८३० साली एडविन बडिंग याने, गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरण्याचे यंत्र पाहून, त्याच धर्तीवर गवत कापण्याचे यंत्र तयार केले, आणि सरदारांची चैन मध्यमवर्गाच्या अंगणात आली. आपल्याकडे ती छावण्यांतून, जिमखान्यांतून आणि साहेबांच्या बंगल्यांतून आली. ती इंग्लंडच्या हवामानाला धरून होती म्हणून तेथे शोभली. तिला दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो, ज्या पुणे शहरात वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत पडून जातो, तेथे तिला अष्टौप्रहर, बारमास जिवंत ठेवण्याच्या अट्टाहासाचा.

आपल्या महसुली दफ्तरांत जमिनीचे दोन ठळक वर्ग पूर्वापार चालत आले आहेत: पावसाच्या भरवशावर पिकणारी ती जिरायत, आणि विहिरीच्या वा पाटाच्या पाण्यावर पिकणारी ती बागायत. शेतकरी हा भेद कधीही विसरत नाही, कारण त्याचे वर्षाचे अन्न त्या भेदावर अवलंबून असते. जिरायतीत तो ऊस लावीत नाही. शहरात मात्र आपण शोभेची प्रत्येक गुंठा जमीन, कोणताही विचार न करता, कायमची बागायत करून टाकली आहे. माझे म्हणणे इतकेच की, शोभेच्या जमिनीचा मोठा हिस्सा पुन्हा जिरायत व्हावा, आणि ज्या वनस्पती या मातीवर, या पावसावर, कोणाच्या निगराणीवाचून शेकडो वर्षे पसरत आल्या आहेत, त्यांनाच तेथे सन्मानाने बोलावले जावे.

हिरवळ परवडत नाही असे ज्यांच्या ध्यानात येते, त्यांच्यापुढे सध्या जे पर्याय मांडले जातात ते रोगापेक्षा उपाय भयंकर या कोटीतले आहेत. कोणी सिमेंटचे ठोकळे बसवितो, कोणी पांढरे गोटे पसरतो, कोणी प्लॅस्टिकचे हिरवे जाजम अंथरतो. तिन्ही उन्हात तापतात, आणि ठोकळ्यांखाली तर पावसाचे पाणीही फारसे मुरत नाही. अलीकडे नारळाच्या सोडणांचा भुगा विकत आणून वाफ्यांत पसरण्याची रीत रूढ होऊ लागली आहे. कोरड्या प्रदेशात आच्छादन ही उत्तम गोष्ट आहे, हे आपल्या फळबागायतदारांना सांगावयास नको. परंतु आषाढातल्या एका जोरदार सरीने तो भुगा गटाराच्या तोंडाशी जाऊन बसतो. त्यातही क्लेशकारक गोष्ट ही की, ज्या आवारात हा भुगा पैसे मोजून आणला जातो, त्याच आवाराच्या कोपऱ्यात माघ-फाल्गुनात झाडांचा पालापाचोळा गोळा करून पेटविला जातो. तो पाचोळा झाडाखालीच राहू द्यावा, नव्या रोपांच्या मधल्या जागेत पहिले वर्षभर पसरावा, आणि पुढे रोपांनीच जमीन झाकावी, हा क्रम स्वाभाविक आहे. जमिनीचे खरे आच्छादन जिवंतच असते. ते मुळांनी माती धरते, पानांनी थेंबाचा मार झेलते आणि कुजून पुन्हा माती होते.

जिवंत आच्छादन म्हटले की रोपवाटिकेत पहिले बोट वेडेलियाकडे जाते. पिवळी फुले, तुकतुकीत पाने, खुडून टाकले तरी रुजणारे कांडे. दुभाजकांवर आणि उड्डाणपुलांखाली तिच्याइतकी बिनखर्चाची दुसरी वनस्पती नाही, असे मक्तेदार सांगतात, आणि तिचे तेच सामर्थ्य मला भयावह वाटते. ही वेल उष्णकटिबंधीय अमेरिकेतील आहे, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक जीवजातींची जी यादी केली, तीत घाणेरी आणि रानमोडी यांच्या जोडीने तिचेही नाव आहे. घाणेरीदेखील शोभेचे झुडूप म्हणूनच या देशात आणली गेली होती. आज ती आपल्या डोंगरउतारांवर काय करते ते कोणत्याही वनरक्षकाला विचारावे. गाजरगवताची तर आपल्या देशातील पहिली नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातच झाली. हे दोन धडे डोळ्यांपुढे असताना तिसरी चूक सरकारी पैशाने आणि सरकारी निविदेने करणे हे अक्षम्य आहे.

आता ज्या वनस्पतींची शिफारस करावयाची त्यांत माझी पहिली पसंती रतोलियाला आहे. तळ्याच्या काठी, ओढ्याच्या पात्रात, कालव्याच्या बांधावर, जेथे पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात अशा दोन्ही टोकांच्या जागी ही जमिनीला चिकटून पसरते. हिलाच जलपिंपळी म्हणतात. हिच्या प्रत्येक पेऱ्याला मुळे फुटतात, उंची वीतभरही होत नाही, आणि बोटाच्या पेराएवढ्या दांड्यांवर पांढऱ्या-जांभळट फुलांची बारीक बोंडे सतत येत राहतात, ज्यांवर मधमाश्यांची सकाळभर ये-जा चालते. पायाखाली तुडवली तरी ती मरत नाही, थोड्या ओलीवर उन्हाळा काढते, आणि अगदीच पाणी तुटले तर पाने टाकून मुळांनी वाट पाहते. पंखांवर मोरपिसाच्या डोळ्यासारखे मोठे ठिपके असलेले नारिंगी फुलपाखरू हिच्यावर अंडी घालते. यंत्राने कापलेल्या परदेशी गवतावर मला असे काहीही कधी दिसलेले नाही.

परंतु येथेच एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. रतोलियाची एक सख्खी भगिनी दक्षिण अमेरिकेत आहे. ती, कापावी न लागणारी हिरवळ म्हणून, ऑस्ट्रेलियात नेली गेली, आणि आज तेथील मरे व डार्लिंग नद्यांच्या पूरमैदानांत तिने कुरणे गिळून टाकली आहेत. म्हणजे एखादी वनस्पती कणखर आहे, कमी पाण्यावर जगते, सुंदर दिसते, एवढ्याने तिची निवड योग्य ठरत नाही. तिला खाणारे कीटक, तिच्याशी स्पर्धा करणारी गवते आणि तिला आवर घालणारा ऋतू हे सगळे ज्या भूमीत तिच्यासोबत वाढले, त्या भूमीतच ती निर्धोक असते. देशी वनस्पतींचा आग्रह मी धरतो तो या कारणासाठी. त्यात स्वदेशाभिमानाचा भाग नाही. आणि म्हणूनच भारतात आढळते तेवढे पुरेसे, असेही मानू नये. खात्री करून घेण्यासाठी थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ आजही उपयोगी पडतो; आपल्या जिल्ह्यात, आपल्या प्रकारच्या जमिनीत ती वनस्पती आपणहून उगवते काय, हा खरा निकष.

कोरड्या, मुरमाड, भर उन्हातल्या जागेसाठी विष्णुक्रांता घ्यावी, जिला पुष्कळ लोक शंखपुष्पी म्हणतात. तिची निळी फुले सकाळच्या प्रहरी उमलतात आणि दुपारनंतर मिटतात. तिच्या केसाळ, रुपेरी पानांना पाण्याची हाव नाही. रोपवाटिकांत मोठ्या निळ्या फुलांची जी तशीच दिसणारी कुंडीतली जात मिळते ती ब्राझीलकडची, आणि ती घेऊ नये. विष्णुक्रांतेच्या सोबतीला रानमेथी आणि शेवरा लावावेत. दोन्ही शिंबावर्गातल्या असल्याने हवेतील नत्र मातीत बांधतात, आणि खताचा खर्च वाचतो. पुनर्नवा पसरते तेव्हा एका झाडाने हातभर जमीन झाकली जाते. उन्हाळ्यात ती वरून नाहीशी होते, पण तिचे जाड मूळ मातीखाली शाबूत असते, आणि रोहिणीचा पाऊस पडताच ती पुन्हा वर येते. घोळ आणि पाथरी यांना बागेत स्थान देण्याची सूचना केली की शहरी माणसाला आश्चर्य वाटते, कारण या भाज्या त्याने बाजारात क्वचितच पाहिलेल्या असतात. पण ज्या माळ्याला आपण हिरवळीतून त्या उपटून टाकण्यासाठी पगार देतो, तो बहुधा मराठवाड्यातल्या वा विदर्भातल्या कोरडवाहू शेतातून आलेला असतो, आणि त्याच्या घरी या भाज्या पिढ्यानुपिढ्या शिजत आल्या आहेत. त्याचे हे ज्ञान आपल्या बागेत निरुपयोगी ठरावे, याची मला मोठी खंत वाटते. घोळीवर एक देखणे फुलपाखरू वाढते, ज्याच्या नराच्या काळ्या पंखांवर जांभळ्या किनारीचे पांढरे ठिपके असतात; आंबुशीवर नखाएवढे निळे फुलपाखरू वाढते. या दोन भाज्या आवारातून खुरपून काढल्या की ती दोन्ही फुलपाखरे तेथून जातात, मग कितीही फुलझाडे लावली तरी ती प्रजेसाठी परत येत नाहीत.

झाडाखालच्या सावलीत हिरवळ कधीच धड होत नाही. तेथे दर वर्षी नवे तुकडे आणून चिकटविण्याचा शिरस्ता म्हणजे शुद्ध अपव्यय होय. अशा जागी, थोडी ओल असेल तर, मंडूकपर्णी गोल पानांचे दाट आसन घालते; मुंबई-कोकणाच्या दमट हवेत लेंडी पिंपळी सावलीत उत्तम सरपटते; आणि घाटाकडच्या मातीत काळी मुसळी पहिल्या पावसाबरोबर चांदणीसारखी पिवळी फुले जमिनीलगत उमलविते. समुद्रकिनाऱ्याची गोष्ट निराळी. कोकणात आणि गोव्यात पुळणीलगत जी पर्यटनगृहे उभी राहतात, त्यांतील पुष्कळांनी लाल मातीचे ढिगारे वाळूवर आणून टाकून त्यावर गवत लावले आहे, आणि त्याला पाणी पाजण्यासाठी किनाऱ्यालगत कूपनलिका खणल्या आहेत, ज्यांच्या उपशाने खारे पाणी आत सरकते. त्याच वाळूवर मर्यादवेल फुकट वाढते. ती खारा वारा सोसते, वाळू बांधून ठेवते, आणि तिची जांभळी-गुलाबी मोठी फुले कोणत्याही पाहुण्याचे चित्त वेधून घेतील अशी असतात. ती उपटून तेथे गवत लावणाऱ्याच्या सौंदर्यदृष्टीपुढे मी निरुत्तर होतो.

मैदानाला मात्र गवतच हवे, हे मी मान्य करतो. जेथे मुले धावतात, जेथे वृद्ध संध्याकाळी बैठक घालतात, तेथे हरळी लावावी. गणपतीला वाहिली जाणारी ही दूर्वा वैदिक काळापासून या भूमीत नांदते आहे. ती पिवळी पडली तरी मरत नाही, आणि एका पावसाने पूर्ववत होते. शेतकऱ्याला ती नकोशी वाटते ती याच चिवटपणामुळे, आणि हाच चिवटपणा मैदानाला हवा असतो. फुलझाडांच्या वाफ्यांपासून मात्र तिला दूर ठेवावे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळतो. जिरायती बाग बारमास हिरवी राहत नाही. मार्च महिन्यात ती निस्तेज होते, एप्रिल-मेमध्ये जागोजागी माती दिसते, आणि ज्या गृहस्थाने लक्षावधी रुपये मोजून सदनिका घेतली त्याला खिडकीतून ते उजाड दृश्य पाहावे लागते. ही तक्रार खरी आहे आणि तिला कोणतीही वनस्पती सांगून उत्तर देता येणार नाही. उत्तर आपल्या दृष्टीतच शोधावे लागेल. सह्याद्रीचे कडे उन्हाळ्यात करडे होतात, माळराने सोन्याच्या रंगाची होतात, पळस निष्पर्ण होऊन फुलतो. त्या दिवसांत आपण डोंगराकडे पाहून त्याला रोगट म्हणत नाही. ज्येष्ठात पहिला पाऊस पडल्यावर आठवड्याभरात जमिनीवर जी पोपटी लव येते, तिचा आनंद ज्याने करडा उन्हाळा पाहिला त्यालाच होतो. सदैव हिरव्या गालिच्यावर वाढलेल्या मुलाला मृगाचा पाऊस केवळ शाळेला जाताना भिजविणारा वाटेल, ही हानी मी पाण्याच्या हानीइतकीच मोठी मानतो. उन्हाळ्यात हिरवा रंग हवाच असेल तर तो वर पाहावा. करंज, पिंपळ, उंबर आणि कडुनिंब ऐन उन्हाळ्यात नव्या पालवीने भरतात, त्यांची मुळे खोल असतात, आणि त्यांची सावली हिरवळीहून शतपट उपयोगी आहे.

सापांची भीतीही वारंवार पुढे केली जाते. वर सांगितलेल्या बहुतेक वनस्पती घोट्याच्या वर जात नाहीत, आणि त्यांत सापाला दडण्यास फारसा आडोसा मिळत नाही. साप उंदरांमागे येतो आणि उंदीर कचऱ्यामागे. कचराकुंडी झाकलेली असेल तर बागेची भीती बाळगण्याचे कारण कमी उरते.

एक इशारा मात्र निक्षून दिला पाहिजे, कारण देशी वनस्पतींची हौस वाढू लागली की तिच्यामागून लूटही येते. कासचे पठार २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांपैकी एक आहे. तेथील, किंवा कोणत्याही सड्यावरची, फुले खणून आणून सोसायटीच्या वाफ्यात लावणे हा अपराध तर आहेच, पण मूर्खपणाही आहे, कारण जांभ्या खडकावरच्या पातळ मातीत आणि धुक्यात वाढणारी ती रोपे आपल्या आवारात एक वर्षही तगणार नाहीत. रतोलिया, पुनर्नवा, रानमेथी यांसाठी कोठेही डोंगर खणावा लागत नाही; त्यांचे तुकडे आणि बी ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर, मालकाच्या परवानगीने सहज मिळते.

मग या वनस्पती रोपवाटिकेत का मिळत नाहीत? मागणी नाही म्हणून. आणि मागणी नाही ती नगरपालिकांच्या व मोठ्या बांधकामदारांच्या निविदांच्या मसुद्यामुळे. हिरवळीचा दर प्रति चौरस मीटर ठरलेला असतो, निगराणीचे पैसे कापणीच्या फेऱ्यांवर दिले जातात, आणि ‘बारमास हिरवे आच्छादन’ अशी अट मसुद्यात घातली की वेडेलिया आणि परदेशी गवत यांखेरीज मक्तेदाराला मार्गच उरत नाही. त्याने जिरायती बाग केली तर मे महिन्यात तपासणीला आलेला अधिकारी त्याचे देयक रोखील. हा दोष मक्तेदाराचा नव्हे. मसुद्यात चार दुरुस्त्या केल्या तर पुष्कळ काम होईल. हिरवेपणाची तपासणी मेमध्ये न करता भाद्रपदात करावी, आणि उन्हाळ्यात मुळे जिवंत आहेत एवढेच पाहावे. कापणीच्या फेऱ्यांऐवजी पहिल्या दोन पावसाळ्यांच्या खुरपणीचे पैसे द्यावेत, कारण जमीन झाकली जाईपर्यंत गाजरगवत फुलण्यापूर्वी हाताने उपटणे हेच खरे काम असते आणि त्यानंतर फारसे काम उरत नाही. वनस्पतींची नावे शास्त्रीय नावांसह मसुद्यात लिहावीत, म्हणजे विष्णुक्रांतेच्या नावावर ब्राझीलची जात खपविली जाणार नाही. आणि आक्रमक वनस्पतींची मनाई स्पष्ट शब्दांत नमूद करावी.

रोपे तयार करण्याचे काम शहरालगतच्या गावांतील महिला बचत गटांना देता येईल; त्यांना या वनस्पती ओळखून देण्यासाठी तज्ज्ञ पाठवावा लागणार नाही. सोसायट्यांनीही एकदम सगळी हिरवळ उखडण्याची घाई करू नये. जेथे ती आधीच मरतुकडी झाली आहे, त्या झाडाखालच्या आणि कुंपणालगतच्या पट्ट्यांपासून आरंभ करावा, चैत्र-वैशाखात तेथील गवत काढून जमीन उन्हात तापू द्यावी, आणि पावसाच्या तोंडाशी फूटभर अंतरावर तुकडे लावून मधल्या जागेत आवारातलाच पाचोळा पसरावा. नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांची तयारी हिवाळ्यात सुरू होते. मसुद्यातील दुरुस्ती त्यापूर्वी मंजूर झाली आणि फेब्रुवारीत पिशव्या भरल्या गेल्या, तरच रोपे मृगाच्या पहिल्या सरीला जमिनीत जाऊ शकतील.